वॉलेस हट: गुराख्यांची खोपटी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बोगाँग पठारावर वॉलेस बंधूंनी १८८९ साली ही खोपटी बांधली. तेव्हा डिसेंबरपासूनच्या उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यांतली गुरं चराईसाठी पठारावर चढवली जात. राखणीला आलेल्या माणसांना वारा-पावसात अंग टेकायला छप्पर हवं होतं, एवढंच तिचं प्रयोजन. सामान आजूबाजूचंच: भिंतींना स्नो गम झाडाच्या हातानं फाडलेल्या जाड फळ्या, छपराला लाकडाच्या पातळ चिपा. पन्हळी पत्रा नंतर चढला. दिसायला तो ओबडधोबड खरा, पण आतलं लाकूड टिकलं ते बरंचसं त्याच्यामुळेच.

पुढे शेजारीच १९२९ साली स्कीवाल्यांसाठी कोप हट झाली. ती त्या मानानं इतकी ऐसपैस, की मेलबर्नमधल्या मेन्झीज या बड्या हॉटेलाचं नाव तिला गमतीनं चिकटलं. हे पठार आता राष्ट्रीय उद्यानात मोडतं; तिथली चराई २००५ साली थांबवण्यात आली. खोपटी मात्र राहिली. जवळच्या फॉल्स क्रीक गावाहून सायकलनं आलं, तर पठारावरच्या रस्त्यापासून ती थोड्याच पायवाटेवर आहे. वाकड्यातिकड्या स्नो गमच्या राईत शिरेपर्यंत दिसत नाही. हिवाळ्यात तो रस्ता बर्फामुळे बंद असतो.