लिफ्ट न करता मोठं चाक: असईची तोफ, बैलगाडी आणि मामेभावाची जीप

गेल्या पावसाळ्यात भोकरदनच्या माझ्या मामेभावाने जीपला मोठी टायरं बसवायचं काढलं. शेताचा रस्ता काळ्या मातीचा, मध्ये एक नाला, आणि बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडी पोटावर बसते ही त्याची तक्रार. लिफ्ट किट नको होतं, फक्त टायर बदलायचे. "तू फिजिक्सवाला ना? सांग, किती मोठं घेऊ?" मी म्हटलं, बसेल तेवढं मोठं घे. हे उत्तर चुकलं. कसं चुकलं ते शोधताना मी जवळजवळ दोनशे वर्षं मागे गेलो. पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर ही वाट तुम्हीही चालून बघा.

चाक मोठं असलं की ओढायला सोपं, हे आपल्याकडच्या सुताराला कुणी शिकवावं लागलं नाही. लाकडी आरे, पुठ्ठे, वरून लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव, आणि माणसाच्या छातीपर्यंत येणारं चाक. पण "किती सोपं?" हा प्रश्न मोजायला घेतला तो फ्रान्समध्ये, 1830 च्या दशकाच्या अखेरीस. ज्यूल द्युप्युई हा रस्त्यांचा अभियंता. त्याचं म्हणणं, ओढ चाकाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आर्थर मोरँ हा तोफखान्यातला अधिकारी. तो म्हणाला, नाही, थेट व्यासाच्याच व्यस्त प्रमाणात. म्हणजे चाक चौपट केलं तर एकाच्या मते ओढ निम्मी होते, दुसऱ्याच्या मते पाव. दोघांनी खरोखर गाड्या ओढून मोजमाप केलं होतं, आणि वाद चांगला पेटला. कारण विषय नुसता चाकाचा नव्हता. जड गाड्यांनी रस्ते उखडतात, मग चाकांवर आणि भारावर सरकारने कोणते नियम लावायचे, हा पैशाचा प्रश्न मागे होता.

खरं कोण? 1956 मध्ये एम. जी. बेकर या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याचं जमिनीवरच्या वाहनांच्या सिद्धांतावरचं पुस्तक आलं. पुढे चंद्रावरच्या रोव्हरच्या कामातही हाच माणूस होता. त्याच्या सूत्रात मातीचा एक घातांक असतो, भार वाढवला की चाक किती खोल रुतत जातं ते सांगणारा. तो 0.5 धरला तर ओढ व्यासाच्या पाऊण घाताच्या व्यस्त प्रमाणात येते. 1 धरला तर दोन तृतीयांश घाताच्या. दोन्ही उत्तरं द्युप्युईच्या अर्ध्याच्या आणि मोरँच्या एकाच्या मधोमध पडतात! मला तरी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा भारी वाटलं.  आणि याच सूत्रात रुंदीचा घातांक व्यासाच्या घातांकापेक्षा लहान निघतो. म्हणजे रुतणाऱ्या मातीत नुसतं रुंद टायर घेऊन मिळतं त्यापेक्षा जमिनीला टेकणारा पट्टा लांब करून जास्त मिळतं.

मग माझं उत्तर बरोबरच होतं की! नाही. आता जालना जिल्ह्यातल्याच असईला या. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीच्या फौजेवर मराठ्यांच्या तोफा अशा चालल्या, की त्याच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज पडले आणि त्या तोफांना पुढे सरकता आलं नाही. लढाई पुढे पायदळाने आणि घोडदळाने जिंकली तो भाग वेगळा. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: तोफेचं किंवा बैलगाडीचं चाक स्वतः काही ओढत नाही. बळ जुवातून येतं. म्हणून चाक मोठं केलं की सगळा फायदा बैलाच्या पदरात पडतो. जीपमध्ये बळ चाकातूनच येतं, आणि माझी चूक इथे होती.

आकडे बघा. मामेभावाचे टायर 215/75 आर 15, व्यास साधारण 70.4 सेंमी. त्याला हवे होते 235/75 आर 15, म्हणजे 73.4 सेंमी. समोर 10 सेंमीचा दगड आहे आणि पुढच्या चाकावर 100 किलोचा भार आहे असं धरू. ते चाक वर चढवायला जुन्या टायरला सुमारे 98 किलोचा आडवा रेटा लागतो, नव्याला सुमारे 94. (चार फुटी बैलगाडीच्या चाकाला 66 च्या आसपास.) झाली बचत सव्वातीन टक्के. पण गाडी टू-व्हील ड्राइव्ह, हा रेटा मागच्या चाकांनी द्यायचा, आणि तीही मोठी झाली. इंजिन तेच, गिअर तेच, त्यामुळे जमिनीवर मिळणारा रेटा चार टक्क्यांनी घटला. कमावलं त्यापेक्षा थोडं जास्तच गमावलं. पोटाखालची उंची वाढणार दीड सेंमी, कारण व्यासातला फरक अर्धाच वर जातो. वर स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 62.5 च्या पुढे असेल.

आणि बैलगाडीला मडगार्ड नसतं! आम्ही त्याच्या मित्राची चाकं उसनी लावून पाहिली. रिकामी गाडी, सरळ रस्ता, सगळं छान. मग स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं, मागे चार माणसं बसवली आणि पुढचं एक चाक ओट्याच्या पायरीवर चढवलं. डाव्या बाजूला टायर आतून घासायला लागला. लिफ्ट न करता टायर निवडायचा तर चाचणी हीच घ्या, तीही दोन्ही बाजूंना. दुकानात सपाट फरशीवर उभ्या गाडीवरून काहीच कळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनातल्या बदलांबद्दल आहे, तेही आधी वाचा.

शेवटी त्याने जुन्याच मापाचे, खोल नक्षीचे टायर घेतले. चिखलाच्या तोंडाशी हवा कमी करतो, म्हणजे टेकणारा पट्टा लांब होतो, आणि डांबरी लागायच्या आधी परत भरतो. नाला आता निघतो. चाकोरीतला उंचवटा मात्र अजून घासतो, त्यासाठी त्याने सरळ फावडं ठेवलंय गाडीत. हवा भरायचा पंप माझ्याकडून वसूल केला, चुकीच्या सल्ल्याचा दंड म्हणून.