लोकांची गाडी आणि लोकांचा विश्वास

मंडळी, 'जर्मन गाडी' हे दोन शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभं राहतं. 'धप्' असा भारदस्त आवाज करत बंद होणारं दार, हायवेला चिकटून पळणारी चाकं आणि मालकाच्या चेहऱ्यावरचं ते किंचित हसू! आपल्यापैकी बहुतेकांनी अमेरिकेत आल्यावर पहिली गाडी घेतली ती मात्र जपानी. (रीसेल व्हॅल्यू, दुसरं काय!) तरीही जर्मन बनावटीबद्दलचा आदर काही कमी झाला नाही.

हा नावलौकिक येतो कुठून, कमावला कसा जातो आणि गमावला कसा जातो, हे समजून घ्यायचं असेल तर फोक्सवॅगनच्या इतिहासासारखा दुसरा धडा नाही. मी काही मेकॅनिकल इंजिनीअर नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर कन्सल्टिंग करतो. पण या कथेतला सर्वांत गाजलेला अंक सॉफ्टवेअरनेच लिहिला आहे, म्हणून हा खटाटोप.

पाळण्यातले पाय

'फोल्क' म्हणजे लोक आणि 'वागन' म्हणजे गाडी. लोकांची गाडी! नाव किती गोड, पण जन्म मात्र हिटलरच्या राजवटीतला. सामान्य जर्मन कुटुंबाला परवडेल अशी गाडी १,००० मार्कांच्या आत हवी, असं हिटलरने ठरवलं आणि १९३४ मध्ये ते काम फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याकडे आलं. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं इंजिन आणि भुंगेऱ्यासारखी गोलाकार पाठ, ही या गाडीची ओळख ठरली.

श्रेय मात्र एकट्या पोर्शेचं नाही. झेक कंपनी टाट्राच्या हान्स लेडविंका यांचे आराखडे तिच्याशी इतके मिळतेजुळते होते की प्रकरण कोर्टात गेलं आणि युद्धानंतर फोक्सवॅगनला भरपाई द्यावी लागली. योसेफ गांझ नावाचा एक ज्यू अभियंता आणि संपादक तर छोट्या, स्वस्त, लोकांसाठीच्या गाडीचा कितीतरी आधीपासून प्रचार करत होता. त्याच्या कल्पनांवर आधारलेली गाडी १९३३ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडलेली होती. पुढे त्याला देश सोडून पळावं लागलं आणि १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात तो वारला. लोकांची गाडी खरी, पण 'लोक' कोण हे सरकारने ठरवायचं!

मे १९३८ मध्ये फालर्सलेबेन या गावाजवळ कारखान्याची कोनशिला बसली. गाडीची किंमत ९९० मार्क. पैसे भरण्याची पद्धत अशी, की दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं आणि वहीत चिकटवायचं. वही भरली की गाडी मिळणार. आपल्याकडच्या भिशीसारखंच म्हणा ना! फरक एवढाच, की भिशीत कधी ना कधी आपला नंबर लागतो. इथे सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले आणि त्यांच्यापैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि कारखान्यातून लष्करी वाहनं बाहेर पडू लागली. त्या बचतदारांचा कोर्टातला लढा संपायला १९६१ साल उजाडलं. तडजोडीत काय मिळालं? नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

याहून काळा भाग पुढेच आहे. युद्धाच्या काळात या कारखान्यात सुमारे २० हजार लोकांना सक्तीने राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून धरून आणलेले स्त्री-पुरुष होते, छळछावण्यांतले कैदी होते. कामगार स्त्रियांची तान्ही बाळं आईपासून तोडून ज्या 'बालगृहात' ठेवली, तिथे उपेक्षेमुळे शेकडो बाळं दगावली. कंपनीने पुढे हान्स मॉमझेन या इतिहासकाराकडे हा सगळा काळ अभ्यासायला दिला. त्यांचा जाडजूड ग्रंथ १९९६ मध्ये आला, आणि १९९८ मध्ये कंपनीने त्या कामगारांसाठी मदतनिधी उभारला. उशीर झाला खरा, पण आपल्याच घरातली बंद खोली उघडायला धैर्य लागतं, हेही मान्य करायला हवं.

इंग्रज मेजर आणि भंगारातला कारखाना

१९४५ मध्ये जर्मनी शरण आला तेव्हा बाँबहल्ल्यांत मोडकळलेला हा कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात आला. गावाला 'वोल्फ्सबुर्ग' हे नवं नाव मिळालं. यंत्रं उचलून न्यायची आणि कारखाना मोडीत काढायचा, असाच विचार होता. तिथे नेमणूक झाली मेजर आयव्हन हर्स्ट या तरुण ब्रिटिश लष्करी अभियंत्याची. त्याने एक जुनी गाडी रंगवून वरिष्ठांना दाखवली. सैन्याला वाहनांची टंचाई होतीच. २० हजार गाड्यांची ऑर्डर आली आणि कारखाना वाचला! १९४६ मध्ये सुमारे १० हजार गाड्या तयार झाल्या. ब्रिटिश मोटार उद्योगातल्या जाणकारांनी मात्र ही गाडी पाहून नाकं मुरडली. पदरात पडलेलं सोनं त्यांना ओळखता आलं नाही.

१९४८ च्या जानेवारीत हाइनरिष नोर्डहोफ यांनी सूत्रं हाती घेतली. दिसायला तीच गाडी, पण आत दरवर्षी सुधारणा, काटेकोर तपासणी आणि जिथे विकू तिथे दुरुस्तीची सोय, हा त्यांचा मंत्र. ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल बाहेर पडली. ज्या देशाचं नाव काढलं तरी जग थुंकत होतं, त्या देशाची नवी ओळख ही गाडी बनली.

अमेरिकेने बीटल डोक्यावर घेतली

१९४९ मध्ये अमेरिकेत किती बीटल विकल्या गेल्या असतील? फक्त दोन! आणि १९७० मध्ये फोक्सवॅगनने इथे साडेपाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या. या चमत्कारात १९५९ पासून सुरू झालेल्या जाहिरातींचा वाटा मोठा. गंमत बघा, हिटलरच्या स्वप्नातली गाडी अमेरिकनांच्या गळी उतरवली ती न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख या कंपनीने, आणि तिचे प्रमुख विल्यम बर्नबाख स्वतः ज्यू होते.

यांतली एक जाहिरात मला फार महत्त्वाची वाटते. पानभर बीटलचं चित्र आणि खाली एकच शब्द, 'लेमन'. म्हणजे इथल्या बोलीत सदोष, फसवा माल! आपल्याच गाडीला कोणी असं म्हणतं का? खालचा मजकूर वाचला की उलगडा होतो. समोरच्या छोट्या कप्प्यावरच्या पट्टीला डाग दिसला, म्हणून तपासनिसाने ती गाडी बाजूला काढली होती. मुद्दा हा, की आमची गाडी आम्हीच आधी नापास करतो, तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा. ही खरी फोक्सवॅगनची पुण्याई! १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाला शेवटची जुनी बीटल तयार झाली तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता.

पण एकाच गाडीवर किती दिवस जगणार? सत्तरच्या दशकात कंपनी अडचणीत आली. १९७४ मध्ये गोल्फ आली, तिचं इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारं. बीटलचं सगळं तंत्र उलटं करून कंपनीने आपला जीव वाचवला. पुढे सेआट, स्कोडा, बेंटली, लॅम्बोर्गिनी अशी एकेक नावं पदरात पडत गेली. संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) २००१ मध्ये स्कोडा जुळू लागली आणि मार्च २००९ मध्ये पुण्याजवळच्या चाकणला फोक्सवॅगनचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. सप्टेंबर २०१० मधलं ते 'बोलणारं' वर्तमानपत्र आठवतंय का? पान उघडलं की व्हेंटो गाडीची जाहिरात चक्क बोलायला लागायची!

दाखवायचे दात

आता तो अंक. डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त पळतं, पण त्यातून नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. त्याबाबतचे अमेरिकेचे नियम युरोपपेक्षा कडक. फोक्सवॅगनने 'स्वच्छ डिझेल' म्हणून इथे गाड्या आणल्या, आणि जेटाला तर पर्यावरणस्नेही गाडीचा पुरस्कारही मिळाला.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटाने, बघा तरी या गाड्या रस्त्यावर किती स्वच्छ आहेत, म्हणून अभ्यास हाती घेतला. हेतू फसवणूक पकडण्याचा नव्हताच. उलट, अमेरिकेतलं डिझेल स्वच्छ असू शकतं हे युरोपला दाखवायचं होतं. या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्यासारखेच शिकायला इथे आलेले दोन भारतीय तरुण होते. गाडीच्या डिकीत मोजमापाची यंत्रं बसवून त्यांनी कॅलिफोर्नियाचे रस्ते पालथे घातले, एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. प्रयोगशाळेत पास झालेली जेटा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट प्रदूषण करत होती. हा अहवाल २०१४ मध्ये जाहीर झाला. कंपनीने वर्षभर तांत्रिक कारणं दिली, दुरुस्तीचा देखावा केला. शेवटी नव्या गाड्यांना परवानगीच मिळणार नाही म्हटल्यावर कबुली दिली, आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस जगजाहीर केली.

युक्ती काय होती? स्टिअरिंग फिरतंय का, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, हे पाहून सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली परीक्षा चालू आहे. मग गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. रस्त्यावर आली की पहिले पाढे पंचावन्न! हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, ते असे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. आपल्या पुण्यातही त्याचे पडसाद उमटले. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यात सर्वांत जास्त काय बोचतं सांगू? हे काही नजरचुकीने राहिलेलं 'बग' नव्हतं. कोणीतरी ते मागितलं, कोणीतरी लिहिलं, कोणीतरी तपासलं आणि कोणीतरी मंजूर केलं. कसल्याही खलनायकी कटाशिवाय, नेहमीच्या मीटिंगांमधून हे होऊ शकतं. एका ग्राहकाकडे मलाही एकदा हळूच विचारलं गेलं होतं, "ऑडिटच्या आठवड्यापुरते तेवढे आकडे हिरवे दिसतील असं काही करता येईल का?" मी नाही म्हटलं, आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. अशा वेळी व्हिसा, घराचे हप्ते, मुलांची फी सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे येतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच, कंपनीत १९८३ पासून काम केलेल्या एका अभियंत्याला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली, ही बातमी मी दोनदा वाचली. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या कोर्टानेही चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सही ज्याची, मान त्याची!

हिशेब

दंड, भरपाई, गाड्या परत घेणं, सगळं मिळून कंपनीला ३० अब्ज युरोंहून जास्त भुर्दंड पडला. आणि तरीही २०१६ मध्ये फोक्सवॅगन समूह विक्रीत टोयोटाला मागे टाकून जगात पहिला आला! म्हणजे लोक विसरले का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत फोक्सवॅगनने नवं डिझेल मॉडेल पुन्हा आणलं नाही. युरोपने २०१७ पासून आणि भारताने एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रदूषणाची चाचणी नियमांत आणली. म्हणजे जग आता कंपनीच्या शब्दावर विसंबत नाही, स्वतः मोजून बघतं. 'बूंद से गयी वो हौद से नहीं आती' म्हणतात ना, त्याचा हा अर्थ.

डागाळलेल्या पट्टीसाठी स्वतःची गाडी नापास करणारी कंपनीही हीच, आणि नापास गाडीला पास करून घेणारीही हीच. मधल्या काळात कारखाना बदलला नाही, गाव बदललं नाही. बदललं ते एवढंच, की आधी तपासनीस 'नाही' म्हणू शकत होता.

आपल्या मंडळातली कितीतरी मुलं आज इंजिनीअरिंगला आहेत. उद्या तीही कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसतील आणि त्यांनाही कोणीतरी हळूच विचारेल. त्यांना चांगल्या कॉलेजात घालतो, कोडिंगचे क्लास लावतो, ते ठीकच आहे. पण वेळ आली तर 'नाही' म्हण, घर आम्ही सांभाळून घेऊ, एवढं त्यांना आजच सांगून ठेवूया.