मतदार जागृतीचा पैसा कुणाचा?

निवडणूक जवळ आली की नगर जिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मतदार नोंदणीसाठी एखाद्या फाउंडेशनचे अनुदान घ्यावे का? एक बाजू म्हणते, एनजीओचा पैसा म्हणजे चळवळीचा मृत्यू. दुसरी म्हणते, पैशाशिवाय वस्त्या-पाड्यांपर्यंत पोचणार कसे? आमच्या मते पैसा घेण्या-न घेण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: काम झाले की नाही, हे ठरवणार कोण?

बाहेरच्या पैशाचा विटाळ मानण्याचे आपल्याला कारण नाही. याच नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले. पैसा अमेरिकेतून येत होता. मिस फरार यांची इथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. फुल्यांनी शाळा घेतली, धर्म घेतला नाही. काय घ्यायचे आणि काय नाकारायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले.

मताच्या हक्काचा आपला इतिहासही असाच स्वतः ठरवण्याचा आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. मालमत्तेची अट सर्वांना सारखीच लावली तर अस्पृश्य मतदारयादीबाहेरच राहतील, म्हणून त्यांच्यासाठी ती अट खाली आणा, असा त्यांचा मुद्दा होता. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन कमिशनला निवेदन दिले. त्यात प्रौढ मताधिकार मागितला आणि मुंबई कायदेमंडळाच्या १४० पैकी २२ जागा मागितल्या. १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात बाबासाहेबांनी मतदाराला साक्षरतेची अट लावण्यालाही विरोध केला. ज्यांना शिकू दिले नाही, त्यांनाच निरक्षर म्हणून मत नाकारायचे, हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही सभा राजकीय पक्ष नव्हती. आजच्या भाषेत ती पक्षनिरपेक्ष सामाजिक संस्था होती. पण पक्षनिरपेक्ष म्हणून ती जातीबद्दल गप्प बसली नाही. स्वतंत्र मजूर पक्ष आला तो १९३६ मध्ये, आणि १९३७ च्या निवडणुकीत नगर दक्षिणमधून त्या पक्षाचे पी. जे. रोहम निवडून गेले. आधी संस्थेने मताचा हक्क मागितला, मग पक्षाने मते मागितली.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण मतदार नोंदणीला अनुदान देण्याचा सर्वांत बोलका प्रयोग तिथे झाला. १९६२ मध्ये दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या नोंदणीसाठी 'व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट' सुरू झाला. टॅकोनिक, फील्ड, स्टर्न अशा खासगी फाउंडेशनांनी पैसा दिला. केनेडी सरकारचाही त्याला आग्रह होता. तरुण रस्त्यावरचा सत्याग्रह सोडून नोंदणीकडे वळले तर बरे, असा हिशेब त्यामागे होता. काम मोठे झाले, हे नाकारता येत नाही. पण मिसिसिपीत नोंदणीला गेलेल्या माणसाची नोकरी जात होती, घरावर गोळ्या झाडल्या जात होत्या. साहजिकच नावे कमी लागली. १९६३ च्या अखेरीस आकडे कमी म्हणून तिथला निधीच थांबवला गेला. जिथे दहशत सर्वांत जास्त, तिथेच अनुदान आटले. तरीही त्याच नोव्हेंबरमध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी स्वतःची समांतर निवडणूक घेतली आणि सुमारे ८० हजार लोकांनी मत दिले. लोक उदासीन नव्हते, हे सिद्ध झाले.

पुढे १९६७ मध्ये क्लीव्हलँड शहरात फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून नोंदणी झाली आणि कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. १९६९ च्या करकायद्याने फाउंडेशनच्या अशा अनुदानांवर बंधने घातली: संस्था पक्षनिरपेक्ष हवी, पाच किंवा अधिक राज्यांत काम करणारी हवी. म्हणजे एकाच शहरातल्या छोट्या संघटनेला हा मार्ग बंद. मताने सत्ता हलली की पैशाचे नियम बदलतात.

आपल्याकडे वेगळे काय आहे? २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणगीचा कायदा मोडल्याचे म्हटले. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी व्याख्या मागील तारखेपासून बदलून पक्षांची सुटका केली. संस्थांसाठी मात्र २०२० मध्ये हाच कायदा कडक झाला. एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातल्या छोट्या संस्थेपर्यंत येणारा पैसा तिथेच अडला. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राजकीय हेतू नसताना बंद किंवा हरताळासारखे मार्ग वापरले म्हणून संस्थेचा परदेशी निधी रोखता येणार नाही, असा निकाल दिला होता. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवा.

आता आपला जिल्हा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळ्या हंगामात घर सोडतात. २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान गळीत हंगामाच्या तोंडावरच आले. तात्पुरते बाहेर गेल्याने कुणाचे रहिवासीपण संपत नाही, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. पण मत द्यायचे तर नाव असेल तिथेच यावे लागते. मुकादमाची उचल अंगावर असलेला माणूस फडातून गावी कसा येणार? सोनई आणि खर्डा पाहिलेल्या या जिल्ह्यात गावकीच्या दबावाखाली मत देणाऱ्याची भीती कुठल्या तक्त्यात भरणार? मानवी साखळी आणि रांगोळी स्पर्धेचे फोटो अहवालात छान दिसतात, पण त्यात हा माणूस दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कायदेशीर, पक्षनिरपेक्ष अनुदान जरूर घ्या आणि हिशेब वस्तीसमोर मांडा. मात्र ज्या गावात आकडे येणार नाहीत, तिथले काम वर्गणीवर चालवा. १४ एप्रिलला प्रत्येक वस्ती वर्गणी काढते. त्यातला दहावा हिस्सा मतदारयादी तपासायला, नमुना सहा भरायला आणि टोळीला मतदानासाठी गावी आणायला ठेवा. मत कुणाला द्यायचे, ते मतदार ठरवेल. आपला निधी कधी थांबवायचा, हे मात्र दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका.

जय भीम!