दाचा
दाचा : रशियातील शहरी कुटुंबाचे शहराबाहेरचे घर आणि त्याभोवतीची जमीन. मराठीत याला सर्रास ‘फार्महाउस’ म्हणतात, पण त्याने अर्थ निसटतो. ‘दात्’ म्हणजे देणे. या रशियन क्रियापदाचे संस्कृत ‘दा’ धातूशी सख्खे नाते आहे. दाचा म्हणजे मुळात दिलेली जमीन. पहिल्या पीटरने अठराव्या शतकाच्या आरंभी पीटरहोफच्या रस्त्यालगतचे भूखंड दरबाऱ्यांना वाटले. पुढे देणारे बदलले, तरी दाचा मालकीपेक्षा मेहेरबानीवरच अधिक टिकला. यावर एकोणिसाव्या शतकाचा दाखला देऊन आक्षेप घेता येईल. १८३७ मध्ये त्सार्स्कोये सेलोची रेल्वे सुरू झाल्यावर मध्यमवर्ग उन्हाळ्यापुरते दाचे भाड्याने घेऊ लागला आणि चेखवच्या १९०४ च्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये तर बाग तोडून दाच्यांचे प्लॉट पाडायची भाषा आहे. तो बाजार खराच होता, पण १९१७ च्या क्रांतीने तो मोडला. चांगली घरे पक्षाच्या अधिकाऱ्यांकडे, शास्त्रज्ञांकडे, कलावंतांकडे गेली. पेरेदेल्किनो ही लेखकांची वसाहत १९३० च्या दशकातली. तिथल्या ज्या घरात बोरिस पास्तरनाक १९६० मध्ये वारले, ते त्यांच्या कुटुंबाला १९८४ मध्ये सोडावे लागले. घर कधी त्यांचे नव्हतेच.

सामान्यांचा दाचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कारखाने आणि कचेऱ्यांमार्फत कामगारांना बागेसाठी तुकडे मिळू लागले. पुढे ‘सहा सोत्का’ हे जणू त्याचे नावच झाले. सोत्का म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ आपला गुंठा. त्यावर घर बांधायचे ते छोटे आणि एकमजली, असा नियम होता. लोकांनी छप्पर उंच, उतरते केले आणि त्याखालच्या माळ्यावर झोपायची सोय केली. मोडीत निघालेल्या खिडक्यांच्या चौकटी जोडून काकडी-टोमॅटोसाठी काचघरे उभी राहिली. मे महिन्याच्या सुट्ट्यांत बटाटे लावायचे, उन्हाळा सरताना तीन-तीन लिटरच्या बरण्यांत काकड्या मुरवायच्या. श्रम आणि गाडीभाडे धरले तर बाजारचा बटाटा स्वस्त पडतो, म्हणून हा केवळ छंद, असे काही जण म्हणतात. पण या हिशेबात बाजारात माल आणि खिशात पैसा असणे गृहीत आहे. १९९२ मध्ये एका वर्षात किमती सुमारे २६ पट झाल्या आणि त्या दशकात कित्येकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. तेव्हा त्या बरण्या आणि तळघरातले बटाटे हाच घराचा खरा आधार होता, हे नाकारणे त्या कष्टांवर अन्याय करणारे आहे.

त्याच दशकात हे तुकडे लोकांच्या मालकीचे होऊ लागले. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने ‘दाचा’ ही जमिनीची वेगळी वर्गवारीच काढून टाकली. कागदोपत्री आता ती बागेची जमीन आहे. शुक्रवारी संध्याकाळी रोपांचे खोके मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसलेली माणसे मात्र अजूनही ‘दाच्यावर चाललो’ असेच सांगतात.