तळटीप : बारावीच्या संगणकशास्त्रातील तीन भाषा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी संगणकशास्त्रात एचटीएमएल, ८०८५ या प्रोसेसरची असेंब्ली आणि सी++ शेजारीशेजारी येतात. जात मात्र तिघींची वेगळी. एचटीएमएल मजकुरावर खुणा करते : ‘बी’ टॅगमधला शब्द ठळक दिसतो. हिशेब तिला जमत नाही, म्हणून ती प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हेच. असेंब्लीत एका ओळीची साधारणतः एकच यंत्राज्ञा होते : ‘एमव्हीआय ए, ०५एच’ म्हणजे मेमरीतले ३ई आणि ०५ हे दोन बाइट. वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरला ती कळत नाही. सी++मध्ये वर्ग लिहिता येतात. भिवंडीतल्या कारखान्यासाठी प्रोग्रॅम करायचा, तर ‘यंत्रमाग’ हा वर्ग. पन्हा व वेग हे गुणधर्म, सुरू-बंद करणे या क्रिया आणि शेडमधला प्रत्येक माग ही त्या वर्गाची वस्तू. धागा तुटून एक माग थांबला, तर त्या एकाच वस्तूची नोंद बदलते.