ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर युरोपात किती दिवस राहता येतं?

धाराशिवहून कुणी फ्रान्स-इटली पाहायला निघालं की शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्याची मर्यादा ठरलेली असते: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. १ जानेवारी २०२१ पासून हीच मर्यादा ब्रिटिश नागरिकांनाही लागू आहे. पर्यटनासाठी त्यांना व्हिसा लागत नाही, पण दिवसांचा हिशेब तोच.

त्याआधी असं नव्हतं. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर ब्रिटिश पासपोर्टवर स्पेनमध्ये घर करून राहता यायचं, जर्मनीत नोकरी धरता यायची. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. तोवर युरोपात कायदेशीर राहत असलेल्या ब्रिटिशांचे त्या देशातले हक्क करारानुसार टिकले. फटका बसला तो अधूनमधून जाऊन चार-पाच महिने राहणाऱ्यांना.

दिवस कसे मोजतात?

गोंधळ इथेच होतो. मोजणी कॅलेंडरच्या सहामाहीची नाही. मुक्कामातल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यातले शेंगेनमधले दिवस मोजायचे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. समजा, कुणी १ मार्चला गेलं आणि सलग राहिलं, तर २९ मे रोजी ९० दिवस भरतात. पुढचा प्रवेश २८ ऑगस्टपासून. मध्ये एक दिवस लंडनला जाऊन आलं की मीटर शून्यावर येतो, हा निव्वळ गैरसमज आहे. शिवाय हे ९० दिवस २९ शेंगेन देशांचे मिळून आहेत, प्रत्येक देशाचे वेगळे नाहीत.

मराठी कुटुंबांचं काय?

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट घेणाऱ्याला भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. पूर्वी त्या बदल्यात अख्ख्या युरोपात राहण्याचा हक्क मिळायचा, आता ब्रिटनपुरताच. ओसीआय कार्ड काढलं तर हाच माणूस तुळजापूरला हवे तितके दिवस राहू शकतो, पॅरिसला मात्र नाही.

खरी अडचण झाली ती नवऱ्याकडे ब्रिटिश आणि बायकोकडे भारतीय पासपोर्ट (किंवा उलट) असलेल्या घरांत. याची चर्चा फारशी झाली नाही. ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटिश जोडीदारासोबत युरोपात जाताना भारतीय जोडीदाराला व्हिसा विनाशुल्क आणि लवकर मिळायचा, कागदपत्रंही कमी लागायची. ही सवलत गेली. आता ९० युरो शुल्क, बँक स्टेटमेंट, विमा, सगळं सामान्य अर्जदारासारखं. मुलाकडे लंडनला आलेल्या आईवडिलांसाठी नियम पूर्वीचाच: ब्रिटनच्या व्हिसावर शेंगेनमध्ये जाता येत नाही.

आयर्लंड मात्र अपवाद आहे. तो युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनशी त्याची जुनी ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ व्यवस्था असल्याने ब्रिटिश नागरिक तिथे आजही कितीही काळ राहू शकतात, कामही करू शकतात. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींच्या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. भारतीय पासपोर्टधारकाला मात्र ही मुभा आपोआप मिळत नाही.

मुक्काम लांबला तर?

पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजले जायचे, एखादा शिक्का राहूनही जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर ईईएस ही संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो आणि येण्याजाण्याच्या तारखा त्यात राहतात, त्यामुळे जादा मुक्काम लगेच दिसतो. देशानुसार दंड होतो, प्रवेशबंदीही होऊ शकते.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचंच असेल, तर निघण्याआधी त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी उत्पन्न, आरोग्य विमा आणि राहण्याच्या जागेचा पुरावा मागतात. हा व्हिसा ज्या देशाने दिला तिथल्याच लांब मुक्कामासाठी असतो. फ्रान्सच्या व्हिसावर स्पेनमध्ये सहा महिने काढता येत नाहीत, तिथे पुन्हा ९० दिवसांचीच मर्यादा.