गालिच्यामागचा क्रमांक

इंग्लंडमध्ये १८२०च्या दशकात साखरेची अशी भांडी मिळत, ज्यांवर लिहिलेलं असे की आतली साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. माल कुणाच्या घामातून आला हे गिऱ्हाइकाला सांगणारं लेबल तेव्हापासून दिसतं. मात्र त्यावर विश्वास ठेवायचा तो केवळ शब्दावर.

तपासणी आली ती अमेरिकेत. फ्लोरेन्स केली यांच्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगने १८९९ नंतर सुती अंतर्वस्त्रांना ‘व्हाइट लेबल’ द्यायला सुरुवात केली. सोळा वर्षांखालचं मूल कामावर नको आणि सगळा माल कारखानदाराच्या स्वतःच्या जागेतच तयार व्हायला हवा, अशा लीगच्या अटी. घरी शिवायला दिलेल्या कामात पिळवणूक भयंकर होती, म्हणून ही अट. तरीही मला ती खटकते. घरी बसून शिवणारी बाई त्यातून सुटली नाही, नुसती वगळली गेली.

म्हणूनच १९९४ साली भारतात उभं राहिलेलं ‘रगमार्क’, बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांचं लेबल, मला मोलाचं वाटतं. भदोही-मिर्झापूरचा गालिचा मोठ्या कारखान्यात नव्हे, गावोगावच्या घरांत, छपरांखालच्या मागांवर विणला जातो. निर्यातदार आणि विणकर यांच्यामध्ये ठेकेदार. बालमजुरीविरुद्ध लढणारे कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माग टाळले नाहीत, त्यांची नोंद केली. गालिच्याच्या पाठीवरच्या लेबलाला क्रमांक, त्या क्रमांकावरून माग सापडतो. निरीक्षक न कळवता येतात. मूल सापडलं की नुसतं मागावरून उठवायचं नाही, त्याच्या शिक्षणाची सोय करायची. त्यासाठीचा पैसा निर्यातदार आणि परदेशी आयातदारांच्या शुल्कातून येई. मागवाल्याच्या खिशातून नाही. २००९ मध्ये याचंच नाव ‘गुडवीव्ह’ झालं.

पैशाची ही बाजू आज विसरली जाते. मोठे खरेदीदार छोट्या पुरवठादाराकडे प्रश्नावली पाठवतात, ऑडिट मागतात आणि त्याचा खर्च पुष्कळदा त्याच्याच माथी येतो. दर मात्र तोच राहतो, किंवा आणखी घासून घेतला जातो. आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, पण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे दूरच्या गावात शाळेची खोली बांधली तर ती हिशेबात येते. आपल्याच पुरवठादाराला, त्याच्या मजुरांना पुरेशी मजुरी देता यावी म्हणून दर वाढवून दिला, तर तो येत नाही.